हात सांगस: कापूस, ओलावा आणि मनाचा कौल (प्रकल्प नोंदी)

४ नोव्हेंबर २०२४

काल भाऊबीज झाली आणि आज जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीच्या, फाटकाबाहेर ट्रॉल्यांची रांग लागली. मुहूर्ताचा काटा गणपतीतच झाला होता, पण आमच्या धरणगाव भागात खरी आवक दिवाळीनंतरच वाढते. आप्पांच्या मागे ट्रॅक्टरवर बसून इथे लहानपणापासून येतेय. वही घेऊन मात्र आज पहिल्यांदाच आले.

आबा इथले ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे. वय बासष्ट. ट्रॉलीवर चढले, ताडपत्री सारली, बाही दुमडली आणि कोपरापर्यंत हात कापसात घातला. आतून मूठभर कापूस काढला, दाबला, सोडला. "साडेअकरा." मागून पोऱ्याने ओलावा मोजायच्या मीटरचा गज खुपसला. ११.४.

पुढची ट्रॉली. "नऊ. सव्वानऊ धर." मीटर ९.३.

मी विचारलं, आबा, कसं कळतं? ते म्हणाले, "माले इचारू नको, हातले इचार. हात सांगस."

एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षासाठी विषय शोधत दोन महिने गेले होते. जळगावच्या ग्रंथालयात बसून सापडला नाही तो विषय इथे ट्रॉलीवर उभा होता. कारण न सांगता येणारं ज्ञान माणसाच्या मनात कसं तयार होतं आणि त्यावर कधी विसंबावं, एवढंच मला बघायचं आहे.

ओलाव्याला इथे फार महत्त्व. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ पर्यंत दर टक्क्यामागे भावात कपात, आणि १२ च्या वर ट्रॉली परत. म्हणजे आबांच्या बोटांत शेतकऱ्याचं वर्ष असतं. हे लिहिताना अतिशयोक्ती करत नाहीये.

७ नोव्हेंबर

नावातच अडकले. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी 'अंतःप्रज्ञा' सुचवलं. पुस्तकात 'अंतर्ज्ञान' आहे. हे दोन्ही शब्द ऐकले की डोळ्यांपुढे ध्यान लावून बसलेला माणूस येतो. आमच्या गावात याच गोष्टीला अजमास म्हणतात, नजर म्हणतात, 'हात बसला' म्हणतात. 'हात बसला' हाच शब्द मला सगळ्यात खरा वाटतो, कारण बसायला वेळ लागतो हे त्यात आपसूक आलंय. प्रबंधाच्या शीर्षकात 'अंतःप्रज्ञा' ठेवीन. या वहीत नाही.

हर्बर्ट सायमन यांचं म्हणणं या शब्दाच्या अगदी जवळचं आहे. १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला हा माणूस आयुष्यभर माणसाच्या विचार करण्याचा अभ्यास करत राहिला. त्यांच्या मते अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणं, त्याहून जास्त काही नाही. समोरच्या प्रसंगात एखादी खूण असते, ती खूण स्मरणातलं जुनं काही वर काढते, आणि उत्तर हाती येतं. आपण गर्दीत मावशीला ओळखतो तेव्हा नाक-डोळे मोजत नाही. तसंच.

१० नोव्हेंबर

पद्धत ठरली. वहीत चार रकाने: आबांचा आकडा, त्यांची खात्री, मीटरचा आकडा, आणि माझा स्वतःचा आकडा. मीही प्रत्येक ट्रॉलीत हात घालणार. नवख्याचा हात शेजारी असल्याशिवाय आबांच्या हाताची किंमत कळायची नाही.

खात्री मोजायला एक ते दहा अशी पट्टी केली होती. आबांना ती पटेना. प्रत्येक वेळी "सात" म्हणायचे. मग मी विचारलं, "आबा, किती आणे खात्री?" त्याबरोबर उत्तरं सुटी झाली. "चौदा आणे." "बारा आणे, कापूस मिसळेल दिसस." आमच्याकडे नाणं जाऊन साठ-सत्तर वर्षं झाली, तरी भरवसा अजून सोळा आण्यांतच मोजला जातो. पट्टी बदलली.

आजचा माझा पहिला आकडा: १४. मीटर: ९.८.

१४ नोव्हेंबर

चार दिवस फक्त बघत होते. ट्रॉलीला हात लावण्याआधीच आबा बरंच काही करतात आणि ते त्यांना स्वतःला ठाऊक नाही. ताडपत्रीच्या आतल्या बाजूकडे नजर जाते, तिथे दवाचे थेंब आहेत का. ट्रॅक्टरवाल्याला विचारतात, "कव्हय निघनात?" पहाटे निघालेला कापूस आणि दुपारी निघालेला कापूस वेगळा. चाकांना कुठली माती लागलीय ते बघतात. काळी चिकट माती म्हणजे अंजनीकाठचं शेत, तिथे पाणी उशिरापर्यंत असतं. मग हात.

म्हणजे 'हात सांगस' हे अर्धंच खरं.

म्हणून आज पिशव्यांची परीक्षा घेतली. पोऱ्याने माझ्यामागे वेगवेगळ्या ट्रॉल्यांतला कापूस सारख्या कापडी पिशव्यांत भरला आणि लगेच आबांपुढे ठेवला. ट्रॉली नाही, ताडपत्री नाही, ट्रॅक्टरवाला नाही. आबांनी हात घातला आणि पहिल्यांदाच थांबले. आकडे आले, पण उशिरा आले, आणि खात्री पंधरा आण्यांवरून नऊ-दहा आण्यांवर उतरली. चुकाही वाढल्या. पण दोन्ही टोकं, म्हणजे फार ओला आणि फार सुका, तरीही बरोबर ओळखले.

रात्री वाचताना बुद्धिबळाचा जुना प्रयोग आठवला. हॉलंडच्या आद्रियान द ग्रोट यांनी १९४० च्या दशकात सुरू केलेलं काम विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये पुढे नेलं. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी परत मांडतो, नवखा चार-पाचच मांडतो. पण त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून दाखवल्या, की निष्णात खेळाडूची सरशी जवळजवळ संपते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती मुळात अफाट नव्हती, त्याला अर्थपूर्ण मांडण्या ओळखीच्या होत्या. माझ्या पिशव्यांनी आबांच्या पटावरच्या सोंगट्या विखरल्या होत्या. आबांच्या बोटांत जादू शोधत बसले असते, तर ताडपत्रीवरचं दव माझ्या नजरेतून सुटलं असतं.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. जिनिंग बंद. आप्पा-आईबरोबर मत देऊन आले आणि दुपारभर वाचलं.

मानसशास्त्रज्ञ निस्बेट आणि विल्सन यांचा १९७७ चा लेख. दुकानात नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या, चारही हुबेहूब सारख्या. लोकांना म्हणाले, चांगली निवडा. सगळ्यात जास्त जणांनी उजव्या टोकाची निवडली. का, असं विचारल्यावर वीण चांगली, पोत चांगला, अशी कारणं आली. जागेमुळे निवडली असं कोणीही म्हणालं नाही, आणि सुचवल्यावर तर लोकांनी ते उडवूनच लावलं. आपण का निवडलं हे आपल्याला आतून दिसत नाही. आपण नंतर एक शोभेल असं कारण जुळवतो आणि तेच मनापासून खरं मानतो.

उद्यापासून आबांना 'का' विचारणं बंद. काय करतात तेवढंच टिपायचं.

२२ नोव्हेंबर

दात! तीन आठवडे मी हातांकडे बघत बसले आणि दात बघितलेच नाहीत.

मूठभर कापूस काढला की आबा त्यातली एक सरकी तोंडात टाकतात. पान चघळणाऱ्या माणसाच्या तोंडाची हालचाल लक्षात येत नाही, म्हणून माझी नजर चुकली. सरकी सुकी असली तर कट्‌कन फुटते, ओली असली तर दबते. आज मी विचारलं, "आबा, सरकी चावता का?" ते थबकले. मग हसून म्हणाले, "हां, चावस व माय. पन ते तं असंच."

ते असंच नाही. आज थोड्या ट्रॉल्यांना मी विनंती केली की सरकी चावू नका. आबांना फार अवघड गेलं. हात दोनदा आपोआप तोंडाकडे गेला. आणि अकरा की बारा, हा जो नेमका पैशाचा फरक, तिथेच आकडे डगमगले. एवढ्या थोड्या निरीक्षणांवर निष्कर्ष काढणार नाही, पण माझ्या मनात शंका उरली नाही: ओला-सुका हात सांगतो, अकरा-बारा दात सांगतात. आवाजाचा भाग फार नसावा, कारण जिनचा गोंगाट चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तरी आबांना फरक कळतो. फुटण्याचा धक्का जबड्यातून कळत असणार.

हे त्यांनी १९७९ साली शिकलेलं आहे. सतरा वर्षांचे असताना एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या केंद्रावर हमाल म्हणून लागले. ती योजना राज्याने १९७२ मध्ये सुरू केली होती. तिथला म्हातारा ग्रेडर सरकी चावायचा. आबा बघत राहिले. कोणी शिकवलं नाही.

माझा आजचा शेवटचा आकडा: १२. मीटर: १०.६.

२७ नोव्हेंबर

आज मीटर आणि आबा यांचं भांडण झालं. वरच्या थरात मीटर ८.९ दाखवत होता. आबा म्हणाले, "वरथून सुका, मजार वला शे." खात्री सोळा आणे. ट्रॅक्टरवाला चिडला, मीटरवर बोट ठेवून बोलू लागला. आबांनी हमालांना मधला कापूस उपसायला लावला. तिथे मीटर १३ च्या पुढे गेला. रात्री शेतात उघडा राहिलेला कापूस आणि घरातला कापूस एकत्र भरला होता. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, ट्रॉली भरायची घाई होती. आबांनी ट्रॉली परत न पाठवता उन्हात पसरायला जागा दिली. मला आबांबद्दल आदर वाटतो तो केवळ आकड्यांसाठी नाही.

मी विचारलं नाही, पण बघितलं होतं. हात आत जाताना आबा एकदम सावकाश झाले होते. वर हलका लागणारा कापूस कोपरापाशी जड लागला असणार.

गावात म्हणतात, आबांना देवाची देणगी आहे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांच्या मुलाखती घेतल्या, त्यातही असाच एक माणूस होता. स्वयंपाकघरातली साधी आग, पण पाणी मारूनही ती हटेना. त्याला काहीतरी खटकलं आणि त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. क्षणात जमीन खचली. खरी आग खालच्या तळघरात होती. त्याला वाटायचं की आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे. क्लाइन यांनी खोदून विचारल्यावर कळलं, खोली एवढ्याशा आगीच्या मानाने फार तापली होती आणि आग फार शांत होती. नेहमीची सांगड जुळत नव्हती. ती जुळत नाही एवढंच त्याच्या मनाने ओळखलं, कारण मागाहून आलं.

'देणगी' या शब्दावर माझा राग आहे. त्या शब्दामुळे आबांची पंचेचाळीस वर्षांची मेहनत देवाच्या खात्यावर जमा होते.

३ डिसेंबर

इथून प्रकल्पाला वळण लागलं.

ग्रेडर ओलाव्याबरोबर उताराही सांगतात, म्हणजे क्विंटलभर कापसातून रुई किती निघेल. साधारण तेहतीस ते छत्तीस किलो. आबा सरकीवरची रुई बोटांनी ओढतात, धागा बघतात, सरकीचं टपोरेपण बघतात आणि सांगतात, "पस्तीस निंघी." खात्री पंधरा आणे. ओलाव्याला असते तेवढीच.

पण इथे मीटर नाही. सगळ्या ट्रॉल्यांचा कापूस एकाच ढिगात पडतो, ढीग जिनमध्ये जातो, आणि दिवसाअखेरी सगळ्यांचा मिळून एक उतारा निघतो. कुठल्या ट्रॉलीने किती दिली हे कोणालाच कधी कळत नाही. म्हणजे आबांचा आकडा इतक्या वर्षांत कोणी तपासलेलाच नाही.

पाच ट्रॉल्यांचे नमुने घेतले. आबा, दुसरे एक जुने ग्रेडर आणि इथला सव्वीस वर्षांचा नवा ग्रेडर, तिघांना वेगवेगळं बसवून क्रम लावायला सांगितला. तिघांचा क्रम जवळजवळ सारखा. बघणाऱ्याला वाटावं, तिघं सांगतात म्हणजे खरंच असणार.

८ डिसेंबर, रविवार

पाच नमुने, प्रत्येकी शंभर ग्रॅम. आई, आजी आणि मी ओसरीवर बसून एकेक सरकी हाताने सोडवली. दुपारी सुरू केलं ते दिवेलागणीनंतर संपलं. आजी म्हणाली, लहानपणी वातींसाठी असंच करायचो. नातेवाइकांतल्या एकांचं जळगावच्या सराफ बाजारात काम आहे, त्यांच्याकडून सोनं तोलायचा काटा आणला होता. रुई एकीकडे, सरकी एकीकडे, दोन्ही तोलले.

तिघांनी एकमताने वर ठेवलेला नमुना काट्यावर तिसरा आला. त्यांनी शेवटी टाकलेला दुसरा. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा, हाताला गोड लागणारा कापूस तिघांनाही आवडला होता. पण धाग्याची लांबी आणि रुईचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाच नमुने म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. तरी मन सुन्न झालं. कारण नेमका हाच धडा शंभर वर्षांपूर्वी मक्याच्या बाबतीत लिहिला गेला आहे. हेन्री वॉलेस, जे पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, ते मूळचे आयोवातले मक्याचे जाणकार. त्या काळी मक्याच्या कणसांच्या स्पर्धा भरायच्या आणि परीक्षक कणीस बघून उत्पन्न सांगायचे. १९२३ मध्ये वॉलेस यांनी परीक्षकांचे गुण आणि प्रत्यक्ष पीक यांची आकडेमोड केली. परीक्षकांचं आपसांत चांगलं जुळत होतं. पिकाशी फारसं जुळत नव्हतं. त्यांच्या मनात कणसाच्या लांबीला फार वजन होतं. देखणं कणीस जास्त पिकतं असं सगळ्यांनी एकमेकांकडून शिकलं होतं आणि शेताने त्यांना कधी खोटं पाडलं नव्हतं, कारण शेताला कोणी विचारलंच नव्हतं.

आबा ओलाव्यात मीटरकडून शिकले आणि उताऱ्यात दुसऱ्या ग्रेडरांकडून. हात एकच, खात्री एकच.

१२ डिसेंबर

आता भाव.

आज चहाच्या टपरीवर सगळ्यांना विचारलं, कापूस ठेवायचा की विकायचा? लांब धाग्याचा हमीभाव यंदा ७,५२१ रुपये आहे आणि खाजगीत सात हजारांच्या आसपास चाललंय. आबा म्हणाले, "फेब्रुवारीमा भाव वाढी. सोळा आना."

सोळा आणे. ओलाव्यातही ते इतक्या सहज सोळापर्यंत जात नाहीत.

मी वही मिटली आणि बराच वेळ काही बोलले नाही. २०२२ सालचं आठवलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला भाव दहा हजारांच्या वर गेला, उन्हाळ्यात त्याहून पुढे. ज्यांनी दिवाळीत विकला ते हळहळले. पुढच्या हंगामात आप्पा म्हणाले, माझं मन सांगतं, यंदा तेरा हजार. मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला. गावात घराघरांत तसंच. मार्च आला, एप्रिल आला, भाव उतरतच राहिला. कापसातल्या बारीक किड्यांनी अंगाला खाज सुटायची, आजी रात्र रात्र झोपली नाही, मी परीक्षेचा अभ्यास शेजारच्यांच्या गच्चीवर केला. शेवटी पावसाच्या तोंडावर विकला. माझ्या एम.ए. ची पहिल्या वर्षाची फी त्या पैशातून भरायची होती. ती आईच्या पाटल्या ठेवून भरली. आबांनीही स्वतःचा कापूस ठेवला होता. अर्ध्या टक्क्याचा ओलावा ओळखणारा हा माणूस आणि आप्पा एकाच दिवशी विकायला निघाले.

त्या वेळी आप्पा हट्टी वाटले होते. आज तसं वाटत नाही. आतून कौल येतो तो सारख्याच आवाजात येतो. ओलाव्याचा कौल आणि भावाचा कौल यांत आप्पांना, आबांना, कोणालाच फरक ऐकू येत नाही. ज्या गोष्टींनी २०२२ ला भाव चढवला आणि नंतर पाडला, त्या आमच्या गावच्या बांधावरून दिसतच नाहीत. अमेरिकेतल्या वायद्यांचा बाजार, डॉलर, गिरण्यांची मागणी. केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसावर बसवलेलं आयात शुल्क एप्रिल २०२२ मध्ये तात्पुरतं काढलं. यातली कुठली खूण ट्रॉलीत हात घालून लागणार? मनाला खूण मिळाली नाही की ते सगळ्यात ताजी, सगळ्यात ठसठशीत आठवण पुढे करतं. मागच्या वर्षी वाढला होता.

आणि हे फक्त शेतकऱ्यांचं नाही. फिलिप टेटलॉक यांनी २८४ राजकीय आणि आर्थिक तज्ज्ञांची भाकितं वर्षानुवर्षं गोळा केली आणि २००५ मध्ये निकाल मांडला. टीव्हीवर बोलणारे, सल्ला देणारे, पदव्या असलेले लोक. दूरच्या भाकितांत साध्या ठोकताळ्यांपेक्षा ते फारसे सरस ठरले नाहीत, आणि प्रसिद्ध माणसांची खात्री मात्र जास्त होती. आप्पांना हे वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांच्याही घरात कापूस राहिला असंल मग."

१३ डिसेंबर

गेले नाही. ताप.

१९ डिसेंबर

कानेमान आणि क्लाइन यांचा २००९ चा लेख तिसऱ्यांदा वाचला. कानेमान यांनी आयुष्य माणसाच्या मनाच्या चुका दाखवण्यात घालवलं, क्लाइन यांनी मनाची ताकद दाखवण्यात. दोघं एकमेकांच्या विरुद्ध टोकांना. तरी अनेक वर्षं एकत्र काम करून त्यांनी लिहिलं की आपलं मुद्द्यावर भांडण उरलं नाही. अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवायला दोन गोष्टी लागतात: जगाच्या त्या कोपऱ्यात काही नियमितपणा हवा, आणि तो नियमितपणा शिकायला माणसाला भरपूर संधी हवी, म्हणजे चूक झाली की चटकन कळायला हवं. आणि तिसरी गोष्ट, जी मी वहीत लाल शाईने लिहिली: माणसाला स्वतःला किती खात्री वाटते, हे काही प्रमाण नव्हे.

ओलावा: नियम आहे, चूक लगेच कळते. उतारा: नियम आहे, चूक कळत नाही. भाव: बांधावरून दिसेल असा नियमच नाही. प्रबंधाची तीन प्रकरणं आपोआप पडली.

कानेमान यांची अजून एक गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. १९५० च्या दशकात इस्रायलच्या सैन्यात तरुणपणी त्यांच्यावर भरतीच्या मुलाखती सुधारायचं काम आलं. आधी मुलाखत घेणारे गप्पा मारून एकदम मत बनवत आणि ते मत पुढे फारसं खरं ठरत नसे. कानेमान यांनी सहा गुण ठरवून दिले, प्रत्येकाचे गुण वेगळे, एकामागून एक द्यायचे. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करताय का म्हणाले. म्हणून शेवटी एक सवलत दिली: सहाही आकडे झाले की डोळे मिटा आणि मनाला येईल तो एक आकडा द्या. हा मनाचा आकडासुद्धा पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगला निघाला. कौल घ्यायचा, पण सगळं बघून झाल्यावर घ्यायचा.

आबांना सांगितलं. त्यांना हे अगदी ओळखीचं वाटलं: आधी ओल, मग काडी-कचरा, मग कवडी (किडका, डागी कापूस), मग धागा, आणि मग भाव बोलायचा. घाईचा ग्रेडर ट्रॉलीचा रंग बघूनच भाव बोलतो, असं ते म्हणाले.

२४ डिसेंबर

नव्या ग्रेडरच्या नोंदी तपासल्या. तो तीनच हंगाम इथे आहे, पण ओलाव्यात आबांच्या फार मागे नाही. माझा अंदाज: तो आल्यापासून मीटर हातात आहे. आबांच्या उमेदीत, मीटर यायच्या आधी, चुकलं की वरच्या ग्रेडरच्या शिव्या मिळायच्या, आणि तो ग्रेडर बरोबर होता की नाही हे देवाला ठाऊक. याला रोज पन्नास वेळा खरा आकडा मिळतो.

पण मीटर धरणारा पोऱ्या मात्र काहीच शिकलेला नाही. दोन हंगाम तोच मीटर रोज खुपसतोय. त्याला हात घालायला सांगितलं तर माझ्याइतकाच चुकला. का? तो आधी आकडा बोलत नाही. सरळ बटण दाबतो आणि वाचतो. चूक करायलाच मिळाली नाही तर दुरुस्त काय होणार?

हे आबांना बोलून दाखवलं.

२६ डिसेंबर

सकाळी पोचले तर आबा पोऱ्याचा मीटर मागे धरून उभे. "पहिले सांग, मंग दाब." पोऱ्या म्हणाला, दहा. मीटर १२.१. पुढची ट्रॉली. अकरा. ९.७. रांगेतले लोक हसायला लागले तेव्हा आबांनी एकाच नजरेने सगळ्यांना गप्प केलं.

प्रयोगात मी ढवळाढवळ केली, हे पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहीन. पण मला त्याचं वाईट वाटत नाही.

४ जानेवारी २०२५

मॅडम आल्या होत्या. शेतात भरीत केलं, हिरव्या वांग्यांचं, सोबत कळण्याची भाकरी. त्यांचे आक्षेप: माणसं तीन, नमुने थोडे, आणि आबांबद्दलची माझी माया प्रत्येक पानावर दिसते. पहिले दोन मान्य, मर्यादांमध्ये लिहीन. तिसरं काढून टाकता येणार नाही, पण त्यासाठीच चार रकाने ठेवले होते. आकडे माझ्या मायेने बदललेले नाहीत. उताऱ्याचं प्रकरण आबांच्या बाजूने नाही आणि ते आहे तसंच राहणार.

ते आबांना मी स्वतः सांगितलं. काट्याचे आकडे दाखवले. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, पुढच्या हंगामात दर आठवड्याला एक ट्रॉली वेगळी काढून वेगळी जिन केली तर? मालकाला त्यांनी संध्याकाळी विचारलंही. मालक बघू म्हणाले.

११ जानेवारी

आप्पांचा कापूस आज आणला. ठेवायचा की विकायचा यावर घरात आठ दिवस बोलणं चाललं होतं. कोणाचं मन काय सांगतं ते कोणी विचारलं नाही. फी, औषधं, रब्बीचं खत, सोसायटीचा हप्ता, एवढं कागदावर मांडलं आणि निम्मा विकायचा ठरला. निम्मा पुढच्या महिन्यात, भाव काही का असेना.

ट्रॉलीवर मी आधी चढले. ताडपत्रीची आतली बाजू कोरडी. आम्ही अकरा वाजता निघालो होतो, ऊन चांगलं होतं. कोपरापर्यंत हात घातला. वर आणि खाली सारखंच लागलं. मुठीत दाबून सोडला, कापूस लगेच फुलून वर आला. एक सरकी काढून चावली. फुटली, पण कट्‌कन नाही, किंचित दबून.

आबा खाली उभे राहून बघत होते. "किती आणे?"

"दहा आणे, आबा. साडेनऊ."

पोऱ्याने बटण दाबलं. ९.१.